माया भाषांतील नावे मराठीत कशी लिहावीत? “किचे”, “खिचे” की “क्’इचे’”?

निळी_शाई (धागाकर्ती)

सप्रेम नमस्कार.

एका दिवाळी अंकासाठी मी ग्वातेमालाचा डोंगराळ भाग आणि मेक्सिकोतील युकातान या दोन प्रदेशांवर लेख लिहिला आहे. काल त्याची मुद्रिते आली आणि पहिल्याच पानावर मी अडखळले. ज्या भाषेचे नाव मी सर्वत्र “किचे” असे लिहिले होते, ते मुद्रितशोधकांनी लाल शाईने “खिचे” करून टाकले होते आणि समासात टीप लिहिली होती, “रोमन लेखनात के या अक्षरानंतर वर खूण आहे, ती महाप्राणाची दिसते, म्हणून ख केला आहे.” मी लगेच दूरध्वनी करून वाद घालणार होते, पण तिसऱ्या पानावर माझाच गोंधळ उघडा पडला. युकातानमधील एकाच प्राचीन माया अवशेषस्थळाचे नाव मी मथळ्यात “चिचेन इट्झा”, मजकुरात “चिचेन इत्झा” आणि छायाचित्राखाली “चिचेन इत्सा” असे तीन तऱ्हांनी लिहिले होते. वाद घालण्याचा अधिकार मी तेथेच गमावला.

माया ही एक भाषा नसून सुमारे तीस भाषांचे कुटुंब आहे, हे मला लेख लिहिताना नीट कळले. एकट्या ग्वातेमालात कायद्याने मान्य अशा बावीस माया भाषा आहेत, आणि त्यांच्या नावांत ती वरची खूण, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, सारखी भेटते. माझे मत असे आहे की मराठी वाचकाला त्या खुणेचा उपयोग नाही, म्हणून ती सरळ गाळावी आणि जवळचे साधे अक्षर लिहावे. परंतु ती खूण नेमकी कशाची आहे, ती गाळल्याने काय हरवते, आणि मुद्रितशोधकांचा ख बरोबर की माझा क, हे जाणकारांनी सांगावे.

तळटीप

तुमचा क बरोबर आहे आणि मुद्रितशोधकांचा ख चूक आहे. इतकेच नव्हे तर तो अगदी उलट दिशेने चुकला आहे. महाप्राण म्हणजे व्यंजनाबरोबर बाहेर सोडलेला श्वास. अपॉस्ट्रॉफी असलेल्या माया व्यंजनात फुप्फुसातला श्वास बाहेर येतच नाही. कंठद्वार, म्हणजे घशातील स्वरतंतूंमधली फट, घट्ट मिटलेले असते, तोंडात कोंडलेली थोडीशी हवा जीभ सुटताक्षणी फुटते, आणि “क” असा कोरडा, टणक आवाज येतो. धान्याचे पोते उचलताना आपण श्वास जसा रोखतो तसा रोखावा आणि न सोडता क म्हणून पाहावे. जे ऐकू येईल ते बरेचसे त्या ध्वनीसारखे असेल. ख म्हणताना तोंडासमोर धरलेला पातळ कागद हलतो, येथे तो जागचा हलत नाही.

गंमत अशी की किचे, काक्चिकेल यांसारख्या भाषांत शब्दाच्या शेवटी येणारा साधा, म्हणजे अपॉस्ट्रॉफी नसलेला क किंवा त किंचित महाप्राण होतो. त्यामुळे ख लिहायचाच असेल तर तो खूण नसलेल्या जागी शोभेल.

ही व्यंजने या कुटुंबातील सर्व भाषांत आहेत. त, क, च, त्स या प्रत्येकाची एक साधी आणि एक कोंडलेली अशी जोडी असते. ग्वातेमालातील बहुतेक भाषांत त्याखेरीज पडजिभेजवळून उच्चारला जाणारा वेगळा क आहे, आणि त्याचीही जोडी आहे. म्हणजे मराठी कानाला जो एकच क वाटतो, त्या जागी तेथे चार वेगळी अक्षरे आहेत. “क्’इचे’” या नावाच्या शेवटी असलेली खूण मात्र निराळी आहे. ती स्वरानंतर आली आहे, म्हणून तेथे कंठद्वार मिटून स्वर तटकन तोडायचा असतो. या नावाचा अर्थ “पुष्कळ झाडे”, म्हणजे अरण्य, असा लावतात. “क्’इ” म्हणजे पुष्कळ आणि “चे’” म्हणजे झाड.

पाणिनीचा_शेजारी

म्हणजे या भाषेचा खिचडीशी संबंध जोडणारा माझा सिद्धांत आज निकालात निघाला, याचे मला मनापासून दुःख आहे.

मेरिदाचा_पाहुणा

खूण गाळल्याने काय हरवते याचे उत्तर मी स्वतःची फजिती सांगून देतो. कामानिमित्त मी दोन वर्षे युकातानमधील मेरिदा शहरात होतो आणि संध्याकाळी तेथील माया भाषेच्या वर्गाला जात असे. तिला तेथील लोक “मायात’आन” किंवा नुसते माया म्हणतात. या भाषेत स्वरांचे चार प्रकार आहेत: ऱ्हस्व, खालच्या सुरातला दीर्घ, चढ्या सुरातला दीर्घ आणि मध्येच तुटलेला. पहिल्याच आठवड्यात बाईंनी फळ्यावर एक ओळ लिहिली. मी ती वहीत आपल्या लिपीत उतरवून घेतली होती: “कान” म्हणजे चार, “काऽन” म्हणजे साप, “का’आन” म्हणजे आकाश, “क्’आन” म्हणजे पिकलेले किंवा पिवळे, आणि “क्’आऽन”, चढ्या सुरात, म्हणजे दोरीच्या जाळीचा झुला. माझ्या मराठी कानाला सगळे कानच.

पुढे एका खेड्यात मुक्काम होता. युकातानमध्ये खेड्यापाड्यांतले लोक खाटेऐवजी झुल्यातच झोपतात. रात्री मी यजमानीणबाईंना मोठ्या आत्मविश्वासाने विचारले, “तु’उश याऽन इन क्’आऽन?” म्हणजे माझा झुला कोठे आहे. निदान मला तसे विचारायचे होते. माझ्या तोंडून खूण चुकीच्या जागी पडली असावी, कारण बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि काहीही न बोलता बोट वर, छपराच्या पलीकडे दाखवले. मी माझे आकाश कोठे आहे असे विचारले होते. घरातली मुले दुसऱ्या दिवशी निघेपर्यंत मला पाहून वर बोट दाखवत होती.

म्हणून म्हणतो, खूण आहे की नाही एवढाच प्रश्न नाही. ती व्यंजनाला चिकटलेली आहे की स्वराच्या मध्ये आहे, यानेही शब्द बदलतो.

घाटमाथा

सर्व प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु मूळ प्रश्न भाषा शिकण्याचा नसून मराठी लेखात नाव लिहिण्याचा आहे, याची आठवण करून द्यावीशी वाटते. आपण पॅरिस लिहितो. फ्रेंच माणूस त्याला पारी म्हणतो म्हणून आपण आपले लेखन बदलत नाही. मेक्सिको लिहितो, तेथील लोक मेहिको म्हणतात तरीही. दिवाळी अंकाचा वाचक खेड्यात झुला मागणार नाही. परकी नावे मराठीच्या वळणात बसवून घेण्याचा हक्क मराठीला आहे, आणि शब्दाच्या मधोमध लटकणारी खूण पाहून सामान्य वाचकाला तो छपाईचा दोषच वाटेल. धागाकर्तीचे मूळ मत मला मान्य आहे.

सिंधुसागर

मी उल्हासनगरचा असून घरी सिंधी बोलतो. तळटीप यांनी क, त, च सांगितले, पण ब वगळला, आणि नेमका तोच माझ्या घरचा आहे. ग्वातेमालाच्या लेखनात ब नंतरही अपॉस्ट्रॉफी देतात. मी एका ध्वनिफितीत “बालाम”, म्हणजे जग्वार, हा शब्द ऐकला आणि चमकलो. तो कोंडून बाहेर फोडलेला ब नाही, तर हवा किंचित आत ओढून उच्चारलेला ब आहे, आणि आमच्या सिंधीत तो रोजच्या बोलण्यात येतो. “ॿार” म्हणजे मूल, “ॿकिरी” म्हणजे बकरी. देवनागरीतून सिंधी लिहिताना ब खाली रेघ देऊन “ॿ” हे अक्षर वापरतात. म्हणजे ग्वातेमालाच्या या एका ध्वनीपुरते देवनागरीत अक्षर तयार आहे. फक्त मराठी शाळेत ते शिकवत नाहीत.

निळी_शाई

सिंधुसागर, हे वाचून मी दोन वेळा “ॿालाम” म्हणून पाहिले आणि घरच्यांनी मला पाणी आणून दिले.

घाटमाथा यांचे म्हणणे मला पटते, पण मेरिदाचा_पाहुणा यांचा झुला डोळ्यांपुढून जात नाही. तळटीप, एक शंका आहे. जुन्या पुस्तकांत या खुणा दिसत नाहीत. नकाशावर आजही ग्वातेमालाच्या एका प्रांताचे नाव खूण नसलेल्या जुन्या स्पॅनिश वळणाचे आहे. मग त्या आल्या केव्हा?

तळटीप

ध्वनी मुळापासूनच होते, प्रश्न त्यांच्या लेखनाचा होता. सोळाव्या शतकात आलेल्या स्पॅनिश धर्मोपदेशकांच्या कानांना हे ध्वनी वेगळे आहेत हे कळले होते, पण त्यांच्या वर्णमालेत अक्षरे नव्हती. त्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्को दे ला पार्रा या फ्रान्सिस्कन साधूने ग्वातेमालात चक्क नवी अक्षरे घडवली. त्यांपैकी एक उलट्या ३ सारखे, तर दुसरे रोमन ४ च्या आकड्यासारखे दिसे. पहिले पडजिभेजवळच्या कोंडलेल्या क साठी, दुसरे साध्या जागेच्या कोंडलेल्या क साठी. युकातानमध्ये दुसरीच रीत पडली: साध्या क साठी रोमन सी, कोंडलेल्या क साठी के, आणि कोंडलेल्या त्स साठी उलटे सी. अशी प्रत्येक प्रदेशाची, पुढे प्रत्येक मिशनची आणि प्रत्येक अभ्यासकाची वेगळी रीत होत गेली. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातील सरकारी कागदांत तर स्पॅनिश कारकुनाला जे ऐकू आले तेच उतरले. नकाशावरची नावे त्या कारकुनांची आहेत.

माया लोकांनी स्वतः या प्रश्नाला हात घातला तो विसाव्या शतकात. आद्रियान इनेस चावेस या किचे शिक्षकाने १९४५ साली आपल्या भाषेसाठी खास अक्षरांची वर्णमाला मांडली. पुढे आंतिग्वा शहरातील भाषाप्रकल्पात माया तरुण भाषाशास्त्र शिकले, आणि वाटाघाटींनंतर नोव्हेंबर १९८७ मध्ये ग्वातेमाला सरकारने सर्व माया भाषांसाठी एकच समान वर्णमाला मान्य केली. १९९० मध्ये कायद्याने माया भाषांची अकादमी स्थापन झाली. देशात गृहयुद्ध चालू होते आणि माया खेडी त्यात होरपळत होती, त्या काळातली ही गोष्ट आहे. त्या वर्णमालेत साधा क के या अक्षराने, पडजिभेजवळचा क क्यू या अक्षराने आणि कोंडलेली व्यंजने अपॉस्ट्रॉफीने लिहायची असे ठरले. विरोधकांचे म्हणणे असे होते की मुले आधी स्पॅनिश वाचायला शिकतात, म्हणून लेखन स्पॅनिशच्या वळणाचेच राहू द्यावे, म्हणजे त्यांना सोपे जाईल. समर्थकांचे उत्तर होते की स्पॅनिशच्या वळणात एकाच क साठी कधी सी तर कधी क्यू-यू लिहावे लागते. ती अडचण स्पॅनिशची आहे, आमच्या मुलांनी ती का वाहावी?

म्हणून घाटमाथा यांना नम्रपणे सांगावेसे वाटते की पॅरिसचे उदाहरण येथे पुरते लागू पडत नाही. पॅरिस हे मराठीत रुळलेले नाव आहे. “क्’इचे’” मराठीत अजून रुळलेलेच नाही. ते आपण आज ठरवणार आहोत.

रुमाल

एक बाळबोध प्रश्न. “उश्माल” या अवशेषांच्या स्पेलिंगमध्ये श कोठेच दिसत नाही, एक्स दिसतो. पाट्यांवरचा तो एक्स “क्ष” असा वाचायचा की काय?

तळटीप

क्ष मुळीच नाही. सोळाव्या शतकातील स्पॅनिशमध्ये एक्स या अक्षराचा उच्चार श असा होता, म्हणून साधूंनी माया भाषांतील श साठी तेच अक्षर घेतले. पुढे स्पॅनिशने आपला उच्चार बदलून घशातल्या ख़ सारखा केला, माया भाषा मात्र श वरच राहिल्या. घाटमाथा यांच्या मेक्सिकोतही मुळात श च होता. ग्वातेमालातील केत्साल्तेनांगो शहराला सगळे लोक “शेला” म्हणतात. ते नाव एक्सने सुरू होते, आणि बसचे वाहक दारात लोंबकळत “शेला, शेला, शेला” असे ओरडतात. त्या बसमध्ये “क्षेला” शोधणारा प्रवासी स्थानकातच राहील.

ओकलंडचा_रहिवासी

मी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे राहतो. येथे ग्वातेमालाहून आलेल्या माम भाषकांची मोठी वस्ती आहे. अमेरिकेतील स्थलांतर न्यायालयांत माम, किचे, कान्होबाल या भाषांचे दुभाषे लागतात, कारण येणाऱ्या अनेकांना स्पॅनिशही धड येत नसते. कान्होबालमधला ह सुद्धा, जाता जाता सांगतो, घशातला ख़ आहे.

माझ्या मुलीच्या वर्गातील एका मुलाची आई माम बोलते. शाळेच्या अंगणात वाट पाहताना मी तिला “माणूस” याला तुमच्या भाषेत काय म्हणता असे विचारले. तिने सांगितलेला शब्द मी वहीत “श्ख़ाल” असा लिहून वाचून दाखवला. तिने मान हलवली आणि पुन्हा म्हणून दाखवला. तीन वेळा हे झाल्यावर तिने जिभेचे टोक वर, टाळूकडे वळवून दाखवले, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती ष म्हणत होती! आपला पोटफोड्या ष! शाळेत गुरुजी “षट्कोनातला ष जीभ वळवून म्हणा” असे सांगून थकले आणि आम्ही सर्वांनी आयुष्यभर श च म्हटला. माममध्ये श आणि ष हे दोन निरनिराळे ध्वनी आजही जिवंत आहेत आणि त्यांची अक्षरेही वेगळी आहेत. साध्या एक्सचा उच्चार ष, आणि त्याच एक्सवर दोन टिंबे दिली की श. जमिनीसाठीच्या शब्दात तर जीभ वळवून उच्चारलेला च आणि वर कोंडलेला, असे दोन्ही गुण एकाच व्यंजनात आहेत. तो मला अद्याप जमलेला नाही. “च्ख़ोन्ते”, म्हणजे आभारी आहे, एवढे मात्र ती आता न हसता ऐकून घेते.

तेव्हा माम शब्द मराठीत लिहिणाऱ्यांनी ष ची लाज बाळगू नये. तो इतकी वर्षे आपल्या वर्णमालेत बसून होता, त्याला काम मिळाले आहे.

पाणिनीचा_शेजारी

आमच्या गुरुजींना हे कळवायला हवे. ते म्हणतील, “एवढ्यासाठी ग्वातेमालाला जायची गरज नव्हती.”

अक्षरजुळारी

माझा व्यवसाय अक्षरजुळणीचा आहे, म्हणून खुणेच्या बाजूने किंवा विरुद्ध न बोलता ती बसवायची कशी तेवढेच सांगतो.

देवनागरीत व्यंजन आणि त्याची मात्रा यांच्यामध्ये काहीही घुसवता येत नाही. “कि” च्या क आणि वेलांटीच्या मध्ये अपॉस्ट्रॉफी टाकला की संगणक वेलांटीला अनाथ समजतो आणि तिच्याजवळ ठिपक्यांचे वर्तुळ काढतो. खूण वेलांटीनंतर टाकावी तर “कि’” होते, आणि मेरिदाचा_पाहुणा यांच्या नियमाने तो वेगळाच उच्चार झाला. यावर उपाय एकच आहे आणि वरच्या काही सदस्यांनी तो आधीच वापरला आहे: व्यंजनाचा पाय मोडावा, खूण द्यावी आणि पुढे स्वर पूर्ण लिहावा. “क्’इचे’” असे. दिसायला ते देखणे नाही, पण त्यातून “क्’आन” आणि “का’आन” हा भेद शाबूत राहतो.

दुसरी गोष्ट, खूण कोणती घ्यायची. अवतरणचिन्हाचा अपॉस्ट्रॉफी हे विरामचिन्ह आहे, अक्षर नव्हे. त्यामुळे शब्दावर दोनदा टिचकी मारली की अर्धाच शब्द निवडला जातो, शोध घेताना शब्द सापडत नाही आणि काही ठिकाणी ओळही तेथेच तुटते. युनिकोडमध्ये अक्षर म्हणून गणला जाणारा अपॉस्ट्रॉफी वेगळा आहे. मेक्सिकोतील भाषांसाठी “साल्तियो” नावाचे स्वतंत्र अक्षरही २००८ मध्ये आले. त्याच आवृत्तीत तळटीप यांनी सांगितलेल्या पार्रासाहेबांच्या उलट्या ३ ला आणि ४ सारख्या अक्षराला जागा मिळाली. देवनागरीच्या तक्त्यातही लिंबू भाषेसाठी कंठद्वारीय स्पर्शाचे “ॽ” हे अक्षर आहे, परंतु मराठी वाचक त्याला प्रश्नचिन्ह समजेल, म्हणून मी ते सुचवणार नाही.

पडजिभेजवळच्या क साठी मात्र उर्दू शब्दांकरिता वापरतात तो नुक्त्याचा “क़” अगदी चपखल आहे. काक़्चिकेल, क़्’एक़्ची’. नुक्ता देवनागरीत आधीपासून आहे आणि टंकात बसवायला काही त्रास नाही.

घाटमाथा

“क़्’एक़्ची’” हे वाचून माझ्या घशात काहीतरी अडकले. दिवाळी अंक फराळाबरोबर वाचतात, एवढे ध्यानात ठेवावे.

कात्रण

थोडे अवांतर वाटेल, पण खूण गाळावी की नाही याच्याशी त्याचा थेट संबंध आहे. प्राचीन माया लेखक स्वतः काय करत होते?

दिएगो दे लांदा या पाद्र्याने १५६२ साली मानी गावी माया पोथ्या जाळल्या, आणि पुढे १५६६ च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या वृत्तान्तात त्याच माया लिपीचे “वर्णाक्षर” उतरवून ठेवले. तो समोरच्या माया लेखकाला स्पॅनिश अक्षरांची नावे एकेक करून सांगत गेला आणि लेखक त्या नावाच्या उच्चाराचे चिन्ह काढत गेला. लांदाला वाटले की ही ए, बी, सी आहेत. प्रत्यक्षात ती अक्षरसंचाची, म्हणजे व्यंजन आणि स्वर मिळून होणाऱ्या क, कु, बे अशा उच्चारांची चिन्हे होती. शेवटी त्याने एखादे वाक्य लिहायला सांगितले तेव्हा लेखकाने लिहिले, “मा इन काति”, म्हणजे “मला नको”. बिचारा कंटाळला असावा. लांदाने येथे रोमन के वापरला आहे, आणि युकातानच्या रीतीप्रमाणे तो कोंडलेल्या क साठीच होता. आजच्या लेखनात तो शब्द “क्’आऽति’” होतो.

जवळजवळ चार शतके त्या वर्णाक्षराचे कोणाला काही करता आले नाही. १९५२ साली सोव्हिएत संशोधक युरी क्नोरोझोव्ह याने ती अक्षरसंचाची चिन्हे आहेत असे धरून पोथ्यांतील शब्द वाचले. टर्कीच्या चित्राजवळ “कु” आणि “त्सु” ही चिन्हे होती, तर शब्द “कुत्स”. कुत्र्याजवळ “त्सु” आणि “लु” होती, तर शब्द “त्सुल”. शेवटचा उ लिहायचा पण म्हणायचा नाही. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. “घर” लिहिताना आपण र पूर्ण लिहितो आणि वाचताना त्यातला अ गाळतो, तोच प्रकार. फरक एवढाच की माया लेखक सहसा आधीच्या स्वराशी जुळणारा स्वर मुका ठेवत, आपला नेहमी अ च असतो.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या लिपीत “का” आणि “क्’आ” यांची चिन्हे वेगवेगळी आहेत. मातीच्या भांड्यांवर नक्षीकार “त्याचे लेखन” अशी ओळ घालत, त्यात लेखन या अर्थाचा शब्द “त्स्’इ” आणि “बि” या चिन्हांनी लिहिलेला असतो. म्हणजे कोंडलेले व्यंजन वेगळे दाखवणे ही १९८७ च्या समितीची किंवा कोणा भाषाशास्त्रज्ञाची हौस नाही. हजार वर्षांपूर्वी भांडे रंगवणारा माणूसही ते करत होता.

घाटमाथा

हा प्रतिसाद वाचून मी थोडा नरमलो आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. तरी “थोडा” या शब्दावर भर द्यावा.

मेरिदाचा_पाहुणा

कात्रण यांनी त्स काढला आहे तर त्याविषयी बोलतो, कारण इत्झा, इट्झा आणि इत्सा हा प्रश्न तसाच राहिला आहे. २००७ मध्ये ताजमहालासह जगातील “नवी सात आश्चर्ये” जाहीर झाली, तेव्हा चिचेनचे नाव मराठी वृत्तपत्रांत एकदम आले आणि ते इंग्रजी स्पेलिंगवरून उतरल्यामुळे त्यात झ शिरला. मूळ उच्चारात झ चा मागमूस नाही. तेथे जो ध्वनी आहे तो आपल्या “चमचा” मधला च आहे. चिचेनमधले दोन्ही च मात्र “चार” मधले आहेत, आणि त्यांतला दुसरा कोंडलेला. “ची’” म्हणजे तोंड, “च्’ए’एन” म्हणजे विहीर; इत्सा लोकांच्या विहिरीचे तोंड. शेवटच्या अक्षरावर जोर देऊन म्हणावे, इंग्रजीसारखे “इट्” वर आपटू नये.

चमचातला च आणि चारमधला च हे दोन्ही आपल्या तोंडी सहज आहेत. इंग्रजी किंवा हिंदी भाषकाला हे दोन ध्वनी लागोपाठ म्हणायला सांगावे म्हणजे आपली श्रीमंती कळते.

रुमाल

मग सरळ “चिचेन इचा” का लिहू नये? त्स चे जोडाक्षर कशाला?

तळटीप

कारण तीच श्रीमंती आपण लिहून दाखवत नाही. “इचा” असे लिहिले तर वाचक “हिचा” मधला च वाचेल की “चार” मधला, हे मी सांगू शकत नाही. आपण दोन्हींना एकच अक्षर देतो आणि संदर्भावर सोडतो. ओळखीच्या शब्दात ते चालते, अनोळखी नावात चालत नाही. म्हणून “इत्सा”. शिवाय मेक्सिकोत आता अनेक जण या ध्वनीसाठी रोमन टी-एस लिहितात. पूर्वी टी-झेडने लिहिले जाणारे चियापासमधील त्सोत्सिल भाषेचे नाव तेथे आता टी-एसने लिहिले जाते.

निळी_शाई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री मी मुद्रिते पुन्हा काढली आणि मुद्रितशोधकांशी तासभर बोलले. ते माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे आहेत आणि त्यांना मी “काका” म्हणते, त्यामुळे वाद झाला तो प्रेमाचाच झाला. शेवटी असे ठरले की मेक्सिको, ग्वातेमाला, युकातान यांसारखी रुळलेली नावे तशीच राहतील, म्हणजे घाटमाथा यांचा आग्रह तेवढा पुरा झाला. भाषेचे नाव प्रथम येईल तेथे “क्’इचे’” असे पूर्ण लिहून पुढे दोन वाक्यांत खुणेचा अर्थ सांगायचा, आणि नंतर मजकुरात “किचे” चालवायचे. एक्स आला की श, माममध्ये ष, आणि झ कोठेही नाही. माझे मूळ मत, की वाचकाला खुणेचा उपयोग नाही, ते मी मागे घेते. निदान एकदा तरी ती त्याला दिसायला हवी. युकातानी माया शब्दांच्या चौकटीत मात्र खुणा सर्वत्र ठेवल्या आहेत, कारण तेथे झुला आणि आकाश शेजारी शेजारी आहेत.

काकांची एकच अट आहे: ओळीच्या शेवटी शब्द खुणेपाशी तुटता कामा नये.

अक्षरजुळारी

अक्षर म्हणून गणला जाणारा अपॉस्ट्रॉफी वापरला तर तुटणार नाही. फक्त तुमच्या अंकाच्या टंकात तो आहे का ते आधी पाहावे. नसेल तर रिकामी चौकट दिसेल आणि काका पुन्हा लाल शाई काढतील.

मेरिदाचा_पाहुणा

एक शेवटची गोष्ट तपासावी. मेरिदाजवळच्या अवशेषांचे नाव नकाशावर डी-झेडने सुरू होते आणि मराठीत ते हमखास “झिबिलचाल्तुन” असे लिहिले जाते. ते डी-झेड म्हणजे जुन्या युकातानी लेखनातला कोंडलेला त्स आहे. नावाची सुरुवात कात्रण यांच्या भांड्यावरच्या त्याच शब्दाने, “लेखन” या अर्थाच्या “त्स्’इऽब” ने होते. त्याचा अर्थ सपाट दगडांवरच्या लेखनाशी जोडतात.

निळी_शाई

पान पाच पाहिले. दोनदा आहे, आणि एकदा तर ठळक टंकात आहे.